कुरळे केस : निसर्ग आणि निगा



ज्या गावी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गावच्या वसंत व्याख्यानमालेत कोणी केसांवर बोलावयास उभा राहावा, आणि तोही ऊसतोडणी मजुरांची संघटना बांधण्यात हयात घालविलेला माणूस, हे पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. पत्रिका छापून आली तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारलेच, "काय हो, मजुरीच्या दराचे प्रश्न संपले का?" त्यांना जे उत्तर दिले तेच आपल्याला देतो.

आपल्या देशात कामगार चळवळीचा पाया ज्यांनी घातला त्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावावर १८९० या एकाच सालातील दोन गोष्टी आहेत. एक, मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. दुसरी, त्यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निश्चय त्या सभेत झाला. तेव्हा केसांचा विषय कामगार चळवळीला परका नाही. आणि रविवारची सुटी म्हणजे तरी काय? कष्टकरी बाईला डोक्यावरून पाणी घेण्यापुरती सवड. आमच्या विड्या वळणाऱ्यांच्या वस्तीत रविवार हा न्हाण्याचा वार असे.

माझी आई विड्या वळत असे. तिचे केस दाट आणि कुरळे. तंबाखूची धूळ त्यांत बसे, आणि शेजारणी तिला 'झिपरी' म्हणत. रविवारी ती कपड्याच्या साबणाने डोके घाशी, केस वाळले की बारीक दातांच्या फणीने ओढी, आणि फणीत आलेला झुबका पाहून गप्प बसे. दोष तिच्या केसांचा नव्हता, रीत चुकत होती. हे मला कळले ते ती गेल्यानंतर, माझ्या मुलीचे केस आजीवर गेले तेव्हा. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाची विद्या वाचनालयातलीच. त्या पुस्तकांतून आणि घरच्या प्रयोगांतून जे हाती लागले तेवढे आपल्यापुढे ठेवतो. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही.

प्रथम केसाचा स्वभाव समजून घेऊ. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे. नखे आणि शिंगेही त्याच प्रथिनाची. केस ज्या सूक्ष्म पिशवीतून उगवतो ती सरळ असली तर केस सरळ येतो आणि त्याचा छेद बहुधा वाटोळा असतो. पिशवी वाकडी असली तर केस वळत वर येतो आणि त्याचा छेद लंबगोल, चपटा असतो. हे जन्मजात आहे. कोणत्याही तेलाने किंवा लेपाने त्यात बदल होत नाही. तसे आश्वासन कोणी दिले तर पैसे खिशातच ठेवावेत.

केसाच्या अंगावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक खवले असतात. टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसात ते वळणावळणावर अडते. म्हणून तो मुळाशी तेलकट आणि टोकाशी कोरडा राहतो. खवले उचललेला कोरडा केस हवेतील ओल ओढून घेतो आणि फुगतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकते, तोच हा प्रकार. पिंजारलेले केस म्हणजे तहानलेले केस. यावरून तीन नियम निघतात : खवले मिटलेले ठेवावेत, ओल राखावी, गुंता ओढू नये. पुढचे सगळे या तीन नियमांचाच विस्तार आहे.

आता धुण्याविषयी. आपल्या भागात पुष्कळ ठिकाणी विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी जड आहे. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. त्यातील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हाच. तो केसावरही बसतो. शिवाय साबण अल्कधर्मी असल्याने खवले उचलतो. आईच्या केसांचे जे झाले त्याचे कारण हे. खाण्याच्या सोड्याने केस धुण्याची टूम अलीकडे निघाली आहे, तीही याच कारणाने टाळावी. बाजारातील शाम्पू हा साबण नव्हे आणि त्याचा असा साका होत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु कडक शाम्पूने रोज डोके धुतले तर उरलेसुरले तेलही जाते. कुरळ्या केसांना आठवड्यातून एकदा-दोनदा धुणे पुरते.

शिकेकाई आणि रिठा यांच्या अंगी सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. जड पाण्यातही त्याचा साका होत नाही, आणि शिकेकाई किंचित आम्लधर्मी असल्याने खवले मिटावयास मदत करते. सहा-सात शेंगा शिकेकाई, बी काढलेली तीन-चार रिठ्याची फळे आणि वाळलेल्या आवळ्याच्या चार-पाच फोडी रात्री दीड लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. सकाळी पाणी निम्मे होईपर्यंत उकळावे, निवल्यावर कुस्करून गाळावे. रिठा वाढवू नये, तो केस कोरडे करतो. येथे एक चूक बहुतेकजणी करतात : शिकेकाईची पूड थेट डोक्याला चोळतात. सरळ केसांतून ती निघून जाते, कुरळ्या केसांत अडकून बसते आणि मग विंचरताना केस तुटतात. म्हणून कुरळ्यांसाठी काढाच, तोही गाळलेला. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबतो. धुणे झाल्यावर तांब्याभर पाण्यात अर्धे लिंबू पिळून ते केसांवरून ओतावे आणि लगेच साध्या पाण्याने केस धुवावेत. नुसता लिंबाचा रस कधीही लावू नये.

धुण्यापूर्वी तेल लावावे की नाही? आपल्या आज्या लावीत आणि त्यांचे बरोबर होते. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनांची झीज कमी केली ती खोबरेल तेलाने, कारण ते केसाच्या आत शिरते. हे काम तेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील होते, हेही सांगून ठेवतो. पुराव्याबरोबर पुरावा देणाऱ्याचा धंदाही पाहावा, हे युनियनच्या कामात शिकलो आहे.

आता या व्याख्यानातील मुख्य पदार्थ. तो कोणत्याही किराणा दुकानात मिळतो : जवस. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तोच. जवसाच्या सालीत एक बुळबुळीत द्रव्य असते. ते केसावर पातळ आवरण धरते, ओल आत राखते आणि वळणे एकत्र बांधून ठेवते. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घालून मंद विस्तवावर सतत ढवळावेत. सात ते दहा मिनिटांत, भेंडी चिरताना सुटते तशी तार पळीला सुटू लागेल. त्या क्षणी उतरवून, गरम असतानाच जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळावे. निवू दिले तर ते फडक्यातून उतरत नाही. पहिल्या खेपेस माझे नेमके तेच झाले, आणि मंडळींनी फडके आणि मी दोघांनाही मोरीत पाठविले.

हा लगदा चांगल्या ओल्या केसांना लावावा आणि टोकांकडून मुळांकडे मुठीत दाबत जावे, म्हणजे वळणे जमून येतात. मग केस वाळेपर्यंत हात लावू नये. वाळल्यावर ते किंचित कडक लागतील, तेव्हा पुन्हा मुठीत दाबले की मऊ होतात. जवस नसतील तर जास्वंदीची पाने पाण्यात चोळून निघणारा बुळबुळीत रस गाळून वापरावा. कोरफडीचा गरही चालतो. मात्र पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, त्याने कातडीला खाज सुटते. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. घरच्या पदार्थांत टिकविण्याची औषधे नसतात. जवसाचा लगदा शीतकपाटात आठवडाभर टिकतो. बाहेर ठेवावयाचा तर त्या दिवसापुरताच करावा. वास आला की फेकून द्यावा. 'घरचे' म्हणजे आपोआप निर्धोक, असे नाही. पण एक भेद सांगतो. केस सरळ करण्याच्या काही बाजारी द्रव्यांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारे द्रव्य ठरविले. गिऱ्हाईक वर्षातून एकदा ती वाफ घेते, पार्लरमध्ये काम करणारी मुलगी रोज घेते.

विंचरण्याचा नियम लहान आहे, पण तोच सर्वांत अधिक मोडला जातो. कुरळे केस कोरडे विंचरू नयेत. ओले आणि बुळबुळीत असताना, रुंद दातांच्या कंगव्याने, आधी टोके, मग मध्य, शेवटी मूळ. रोज पन्नास ते शंभर केस गळतात, ते नैसर्गिकच आहे. सरळ केसांतून ते खाली पडतात, कुरळ्यांत अडकून राहतात. ते वेळच्या वेळी काढले नाहीत तर काय होते, ते आता सांगावयाचे आहे. या विषयावर बोलण्याचे माझे खरे कारणही तेच.

काही वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामात एका गाडीतळावर गेलो होतो. कोपीपुढे एक तिशीची बाई बसलेली. मानेमागे मुठीएवढी जट. म्हणाली, "देवीची आहे, कापली तर घरात कोणी दगावेल." मी कार्यकर्त्याच्या तोऱ्यात तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिले. परिणाम एवढाच झाला की ती आमच्या बैठकीस यावयाची बंद झाली. मग माझी पत्नी गेली. तिने देवीचे नाव काढले नाही, फक्त विचारले, "बाई, शेवटची न्हालीस कधी?" उत्तर आले, "दिवाळीला." तेव्हा माघ चालू होता. पहाटे तीनला उठून फडावर जावयाचे, तोडलेला ऊस मोळ्या बांधून डोक्यावर वाहावयाचा, रात्री-अपरात्री गाडी भरावयाची, आणि पाण्याची घागर अर्ध्या मैलावरून आणावयाची. त्या घागरीतून आधी स्वयंपाक, मग मुले, डोके सर्वांत शेवटी.

जट म्हणजे दुसरे काही नाही. लोकर दाबून बुरणूस करतात तेव्हा लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात. तसेच गळलेले केस, तेल आणि धूळ यांचे होते. पोलंड देशात शतकानुशतके असेच मानीत की जट कापली तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो. क्राकोव्हचे डॉक्टर युझेफ दित्ल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या समजुतीशी झुंज घेतली. आपल्याकडे तर जट आली म्हणून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे करावे लागले. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामातून शेकडो बायकांच्या जटा, त्यांची समजूत घालून, काढल्या आहेत. समजूत घालून, हे शब्द मी माझ्या अनुभवानंतर अधोरेखित करतो.

त्या बाईजवळ माझी पत्नी तीन संध्याकाळ बसली. खोबरेल, जवसाचा लगदा आणि एक गुळगुळीत लाकडी काडी. निम्मी जट सुटली. उरलेली त्या बाईने तिसऱ्या दिवशी स्वतः कात्री मागून घेऊन कापली. घरात कोणी दगावले नाही. मान दुखावयाची मात्र थांबली. पुढच्या हंगामात ती आली ती पदरात जवसाची पुरचुंडी बांधून, आणि शेजारच्या कोपीतल्या मुलीला तिने ती दिली.

बंधुभगिनींनो, कृती सोप्या आहेत. उद्याच घरी करून पाहा. कुरळ्या केसांच्या मुलीला झिपरी म्हणू नका. परंतु जवस दुकानात मिळतो, सवड मिळत नाही. पाव वाटी जवसाला दहा मिनिटे, दोन बादल्या पाणी आणि एक मोकळी दुपार लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती दुपार १८९० साली मिळाली. ज्यांच्या कोयत्यावर आपल्या तालुक्याचे साखर कारखाने चालतात त्या बायकांना हंगामात ती आजही मिळत नाही. गाडीतळावर नळ आणि आठवड्याला एक सुटी, ही मागणी आम्ही करतो तेव्हा पुष्कळांना ती किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही, एवढे आपल्याला पटले तर आजचा विषय या व्यासपीठावर अस्थानी नव्हता असे मी समजेन.