आठवतं सगळं, पण सुचत नाही

कंपवात म्हणजे थरथरणारे हात, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण हाताबरोबर विचारांची आणि लक्षाची गतीही मंदावू शकते, आणि तीही आजाराच्या अगदी सुरुवातीला. घरच्यांना मात्र तो हट्ट वाटतो, निष्काळजीपणा वाटतो, नाही तर वय!

गेल्या वर्षीचा गुढीपाडवा. नागपूरला मावशीकडे आम्ही चौदा माणसं जेवायला होतो. मावशी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. पुरणपोळीचा घाट दरवर्षी एकटीच्या हिमतीवर घालणारी. त्या दिवशी एका बर्नरवर गूळ घातलेलं पुरण आटत होतं, दुसऱ्यावर कटाची आमटी, तिसऱ्यावर तवा. इतक्यात फोन वाजला. त्याच वेळी सुनेनं विचारलं, ''आई, वेलची आता घालू की मागून?'' आणि मावशी उलथनं हातात धरून नुसती उभी राहिली. पुरण खाली लागलं, तव्यावरची पोळी काळी झाली. बाहेरून काकांचा आवाज आला, ''अगं, लक्ष कुठं असतं हल्ली तुझं?''

मावशी स्टुलावर बसली. डोळ्यांत पाणी. दुपारी मी मुद्दाम वही घेऊन तिच्याजवळ बसले आणि पुरणाची कृती विचारली. तिनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. डाळ किती भिजवायची, कट कधी काढायचा, चमचा पुरणात उभा राहिला की गॅस बंद, सगळं अचूक. मग म्हणाली, ''आठवतं गं सगळं. पण दोन कामं एकदम आली की पुढचं काय करायचं ते सुचतच नाही.''

मावशीला दीड वर्षापूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. पार्किन्सन्सचं निदान झालं, गोळ्या लागू पडल्या, हात बराच स्थिर झाला. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. या गोंधळाचा त्या कंपाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. स्वयंपाकघरात मात्र कुजबुज सुरू झाली होती, ''अल्झायमर तर नसेल?''

कारभारी थकतो तेव्हा

ही चूक एकट्या आमच्या घराची नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला, तो सहा रुग्णांच्या आधारे. या आजारात बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात, असं त्यांनी त्यात नोंदवलं. त्या सहांपैकी काही जण त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते. चाल रस्त्यावरून दिसते, विचार थोडाच दिसतो! पुढे त्याच शतकात पॅरिसच्या शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं, आणि बुद्धीवरही परिणाम होतो हे सांगितलं. तरी 'हा हातापायांचा आजार' ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसली ती बसलीच.

असं होतं तरी का? मेंदूच्या मधल्या भागात काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथं डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा तुटवडा असतो, हे व्हिएन्नाच्या संशोधकांनी १९६० साली दाखवून दिलं. पण हे डोपामिन नुसतं हातपाय हलवण्याच्या कामी येत नाही. मेंदूच्या खोलवरच्या ज्या भागाला ते पुरवलं जातं, त्याचे धागे कपाळामागच्या मेंदूशीही जोडलेले असतात. हा कपाळामागचा मेंदू म्हणजे घरातला कारभारी. आधी काय, मग काय, कोणतं काम थांबवायचं, कुठं लक्ष वळवायचं, हे तो ठरवतो. डोपामिन कमी पडलं की कारभारी थकतो. शिवाय या आजारात लक्ष आणि स्मरणशक्तीशी संबंधित इतर रसायनंही कमी होतात.

म्हणूनच मावशीला कृती आठवते, पण तीन बर्नर एकदम सांभाळता येत नाहीत. कोठारात सामान सगळं आहे, ते वेळेवर काढून देणारा दमला आहे.

अल्झायमरपेक्षा हे वेगळं कसं? अल्झायमरच्या सुरुवातीला नवी गोष्ट मनात नोंदलीच जात नाही. सकाळी कोण येऊन गेलं हे विचारलं, इशारा दिला, तरी उपयोग होत नाही. पार्किन्सन्सच्या माणसाला बहुधा इशारा पुरतो. ''अहो, ते निळ्या स्कूटरवाले,'' म्हटलं की नाव चटकन ओठावर येतं. अर्थात हा ठोकताळा झाला, निदान डॉक्टरांनीच करायचं.

घरात हे कसं दिसतं तेही सांगते. गप्पांमध्ये माणूस गप्प होत जातो, कारण त्याचं उत्तर तयार होईतो विषय पुढे गेलेला असतो. चालताना बोलायला लागला की पाऊल अडखळतं, कधी तोलही जातो. टीव्ही चालू असताना सांगितलेलं डोक्यात शिरत नाही. मोबाइलवरून पैसे पाठवताना मध्येच कुणी बोललं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एखाद्याला गाडी मागे घेताना अंतराचा अंदाज चुकायला लागतो. आणि बायको म्हणते, ''यांचं माझ्याकडे लक्षच नसतं.'' चेहऱ्यावरचे हावभावही या आजारात कमी होतात, त्यामुळे बिचाऱ्याची बेपर्वाई अगदी सिद्धच होते!

असं सगळ्यांना होतं असं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून २०१० साली केलेल्या पाहणीत, स्मृतिभ्रंश न झालेल्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात सौम्य बौद्धिक अडचणी आढळल्या. 'गोळ्यांमुळेच डोकं चालेनासं झालं' असं बरेच जण म्हणतात. पण नॉर्वेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकही गोळी सुरू न झालेल्या नव्या रुग्णांपैकी जवळपास १९ टक्क्यांत या अडचणी होत्या. म्हणजे गोळ्यांना सरसकट दोष देता येत नाही.

मग पुढे काय, वेड लागणार का? हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही, पण रात्री झोप उडवतो तो हाच. सिडनीच्या दीर्घ अभ्यासात वीस वर्षांनी हयात असलेल्या रुग्णांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश झालेला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या आकड्यानं अनेकांची छाती दडपली. मात्र २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात निदानानंतर दहा वर्षांनी हे प्रमाण ९ ते १५ टक्क्यांच्या आसपास निघालं. या अभ्यासातले लोक बरेच शिकलेले होते, हेही ध्यानात ठेवायला हवं. तरी सुरुवातीचा गोंधळ म्हणजे उद्याचा स्मृतिभ्रंश असं समीकरण मांडू नये. काहींच्या अडचणी वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात, काहींच्या कमीही होतात.

डॉक्टरांना सांगाच

रुग्ण तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं बसतो, तेव्हा हात दिसतो, चाल दिसते. स्वयंपाकघर दिसत नाही. त्यामुळे हे घरच्यांनीच सांगायला हवं, आणि तेही रुग्णाच्या पाठीमागे नव्हे. घड्याळाचं चित्र काढणं, आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडणं अशा छोट्या चाचण्यांतून डॉक्टरांना अंदाज येतो.

मावशीच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळ्यांची पिशवीच टेबलावर रिकामी करायला सांगितली. कंपासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलसारख्या गोळ्या वयस्कर माणसाच्या लक्षावर आणि स्मरणावर मळभ आणू शकतात. लघवीच्या, ॲलर्जीच्या, झोपेच्या काही गोळ्यांचंही तसंच. मावशीला ती कंपाची गोळी होतीच. ती हळूहळू कमी केली. (अशी गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नये.) रक्तात बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. झोप नीट होत नव्हती, त्याकडे पाहिलं. उदासपणा, थायरॉइड, उभं राहिल्यावर घसरणारा रक्तदाब, ऐकू कमी येणं, ही सगळी कारणं गोंधळात भर घालतात आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर मात्र जंतुसंसर्ग किंवा दुसरं काही असू शकतं. तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठायचा.

या सौम्य अवस्थेसाठी अजून खात्रीचं औषध नाही. रिव्हास्टिग्मिन हे औषध पार्किन्सन्समधल्या स्मृतिभ्रंशासाठी अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं, पण ते पुढच्या टप्प्याचं. हल्ली खाजकुहिलीच्या बियांची पूड घेण्याचा सल्ला शेजारीपाजारी सर्रास देतात. त्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतो, भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच तो त्यांतून वेगळा केला होता. म्हणूनच तर गोळ्यांच्या जोडीला ती पूड गुपचूप घेणं धोक्याचं. मात्रा दुप्पट होते आणि डॉक्टरांना पत्ता नसतो.

नियमित व्यायामाचा मात्र फायदा होतो, आणि माणसांत राहण्याचाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथं गेल्यावर मावशीसारख्यांना पहिला दिलासा मिळतो तो हा, की 'हे मला एकटीलाच होत नाही.'

या वर्षीचा पाडवा आम्ही जरा वेगळ्या पद्धतीनं केला. पुरण आदल्या दिवशीच शिजवून ठेवलं. फोन आतल्या खोलीत. ओट्यावर मावशीच्याच अक्षरातला कामांच्या क्रमाचा कागद चिकटवला. एका वेळी एकच बर्नर. पोळ्या मावशीनं लाटल्या, तवा सुनेनं सांभाळला. पहिली पंगत दीड वाजता बसली, म्हणजे नेहमीपेक्षा तासभर उशिरा. कुणी काही बोललं नाही, निदान मोठ्यानं तरी नाही.

काकांना डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा, मध्ये बोलू नका. जेवताना त्यांनी विचारलं, ''यंदा गूळ कुठला आणला होता?'' आणि मांडीवर हात ठेवून बोटं मोडत बसले. मावशीचं लक्ष नेमकं तिकडे गेलं.

''मोजू नका हो,'' ती म्हणाली, ''सांगते आहे.''