बाळाच्या हातांची बोली (लेखांक ४)

गेल्या आठवड्यात आपण तान्ह्या मुलाच्या हुंकारांपाशी थांबलो होतो. आज त्याच्या हातांकडे वळू.

मुलाची जीभ वळण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात बोलू लागतात, हे आपल्याकडच्या आज्यांना कोणत्याही शास्त्राच्या साहाय्यावाचून ठाऊक होते. म्हणूनच तळहातावर बोट टेकवून मोराला बोलावण्याचा खेळ, देवापुढचे 'जय जय' आणि निघालेल्या पाहुण्याला 'टाटा' हे शिक्षण वर्षाच्या आतच सुरू होते. अमेरिकेत लिंडा अक्रेडोलो व सुसान गुडविन या विदुषींनी याच स्वाभाविक प्रवृत्तीवरून ऐकू येणाऱ्या बाळांसाठी खुणांची पद्धत लोकप्रिय केली. तिने मूल लवकर बोलते, अशी पुष्कळांची समजूत आहे; परंतु एलिझाबेथ कर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भाषेचा तसा लाभ आढळला नाही, मात्र खुणा शिकवणाऱ्या माता बाळाच्या मनाची चाहूल अधिक घेऊ लागल्याचे दिसले. हा लाभही मी थोडा मानीत नाही.

पण जे मूल जन्मतःच ऐकू शकत नाही, त्याच्या बाबतीत प्रश्न हौसेचा उरत नाही. लॉरा पेटिटो व पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली दाखवून दिले, की कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळे, इतर मुले 'बाबाबा' करतात त्याच सुमारास, बोटांनी बोबडे बोलतात. म्हणजे मेंदूला भाषा हवी असते, ती कानावाटे येते की डोळ्यांवाटे, याविषयी त्याचा हट्ट नसतो. दुर्दैव असे, की बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्यांच्या घरांत जन्मतात, आणि तेथे हातांची भाषा कोणालाच येत नसते.

नोएडातील एका मराठी कुटुंबाची हकीकत मला जवळून ठाऊक आहे. नातीला ऐकू येत नाही हे निश्चित झाले तेव्हा एका डॉक्टरांनी बजावले, की खुणा कराल तर मूल बोलायचे राहील. या भीतीला आधार नाही. श्रवणयंत्र असो वा शस्त्रक्रिया, हातांची भाषा त्यांच्या आड येत नाही, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत भाषेवाचून गेलेला काळ पुढे भरून काढणे फार कठीण होते. त्या घराचे एक वर्ष मात्र त्या ताकिदीपायी गेले.

वस्तुतः साधनांचा मुक्काम त्यांच्या घरापासून फारसा दूर नव्हता. खुद्द नोएडात २००५ पासून नोएडा डेफ सोसायटी काम करीत आहे. दिल्लीत २०१५ साली केंद्र सरकारने भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले, आणि २०१८ साली तीन हजार शब्दांनी आरंभलेला त्याचा कोश २०२१ पर्यंत दहा हजारांवर पोहोचला. ही भाषा हिंदीची वा मराठीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. 'काय', 'कुठे' हे प्रश्नार्थक शब्द तीत वाक्याच्या शेवटी येतात, आणि उंचावलेली भुवई हाही व्याकरणाचाच भाग असतो.

अखेर साताऱ्याहून आलेली आजीच साठी उलटल्यावर ती भाषा शिकू लागली. पाच बोटे जुळवून ओठांशी नेली, की 'जेव'. ही पहिली खूण तिला शिकावी लागली नाही. मी गेलो त्या दिवशी नातीने वाटीकडे पाहून चिमुकली बोटे तशीच ओठांशी नेली, मग आजीच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा नेली. आजीने भाताचा घास तिच्या तोंडात घातला. आता त्या खोलीत रात्रभर एक मंद दिवा जळत असतो, कारण दिवा मालवला की दोघींचे बोलणे थांबते.