वाडी आडवी झाली, उमेद नव्हे

२०२० सालचा रमजान रायगडच्या किनाऱ्यावर कधी नव्हे इतका शांत गेला. टाळेबंदीमुळे मशिदीत जमाअत नव्हती, तरावीह घराघरांत झाली. २५ मेला ईद आली, पण ईदगाह रिकामीच राहिली. मुंबईतले चाकरमाने अडकून पडले होते. आखातात गेलेल्यांपैकी कुणाचा पगार थांबला होता, कुणाची नोकरीच गेली होती. निदान वाडी आहे, पावसाळा तोंडावर आहे, एवढाच काय तो घरच्यांना आधार होता. आणि ईदनंतर नवव्याच दिवशी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले.

दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास अलिबागच्या दक्षिणेला ते जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, मुरूड या पट्ट्यात त्या काही तासांत कौले उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोनही बंद पडले, त्यामुळे कुवेत-दुबईत बसलेल्या मुलाला आपली आई कशी आहे हे कळायला मार्ग नव्हता.

पण खरा घाव बसला तो वाड्यांवर. श्रीवर्धनची रोठा सुपारी सगळीकडे ओळखली जाते. तिची झाडे उंच, सडपातळ. वाऱ्याने ती मधूनच मोडली, माड मुळासकट उपटले. कौले दोन महिन्यांत चढवता येतात. पोफळीला मात्र लावल्यापासून पाच ते सात वर्षे फळ येत नाही, आणि माडालाही जवळपास तेवढाच काळ लागतो. आजोबांनी लावलेले, बापाने शिंपलेले आणि नातवाच्या शाळेची फी भरणारे झाड एका दुपारी आडवे झाले होते.

अशा वेळी माणूस अल्लाहशी कसा बांधलेला राहतो? हा प्रश्न फक्त वादळाचा नाही. आजारपण, कर्ज, नोकरी जाणे, घरातले माणूस जाणे, या प्रत्येक वेळी तो उभा राहतो. पण वाडीच्या उदाहरणाने तो चांगला समजतो.

आयतीतला ‘फळे’ हा शब्द

सूरह अल-बकराहच्या १५५व्या आयतीत अल्लाहने आपल्या दासांची परीक्षा कशाकशाने घेतली जाईल याची यादीच दिली आहे. त्यात भय आहे, भूक आहे, मालमत्तेचे आणि जिवांचे नुकसान आहे, आणि शेवटी फळांचे नुकसान आहे. ही आयत आपण मय्यतीच्या घरी ऐकतो, म्हणून ती फक्त मृत्यूबद्दल आहे असे वाटते. वाडीवाल्याने त्यातला ‘फळे’ हा शब्द थांबून वाचावा. आपले दुःख फार लहान आहे, झाडांसाठी काय रडायचे, असे ज्याला वाटते त्याला हा शब्द सांगतो की तुझे नुकसान अल्लाहच्या हिशेबात आहे. खुशखबर मात्र सब्र करणाऱ्यांना आहे. म्हणून सब्र म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे.

हा कोप होता का?

संकट आले की दोन दिवसांत कुणीतरी म्हणतो, ‘त्या गावाने अमुक केले म्हणून हे झाले.’ ज्याचे छप्पर उडाले आहे त्याला हे ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. प्रेषितांनी (स.) तो तिथल्या तिथे तोडला. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जन्ममृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

वारा जोराचा सुटला की प्रेषित (स.) अस्वस्थ होत, आत-बाहेर करत आणि अल्लाहकडे त्या वाऱ्यातले भले मागून त्याच्या वाईटापासून संरक्षण मागत, असे ह. आयशा (रजि.) सांगतात. म्हणजे वादळ पाहून आपण स्वतःच्या अंतःकरणाचा हिशेब जरूर घ्यावा. शेजाऱ्याच्या पापांचा हिशेब मात्र आपल्याकडे सोपवलेला नाही. ह. अय्यूब (अ.) यांनी संपत्ती, संतती आणि आरोग्य सारेच गमावले होते, आणि ते तर नबी होते.

रडणे म्हणजे नाशुक्री नव्हे

आपल्या घरांत सब्रचा अर्थ बरेचदा ‘गप्प बस’ असा घेतला जातो. बायकांना तर हे हटकून सांगितले जाते. पण कुरआनात ज्यांच्या सब्रचे सुंदर म्हणून वर्णन आहे ते ह. याकूब (अ.) मुलाच्या विरहात इतके व्याकूळ झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले. इब्राहीमच्या मृत्यूवेळी प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतूनही अश्रू वाहिले. ह. याकूब (अ.) यांनी आपले गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले आणि त्याच वेळी मुलांना सांगितले की जा, यूसुफचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. डोळ्यांत पाणी आहे आणि शोधही चालू आहे, असा हा सब्र आहे.

म्हणून आडव्या झालेल्या माडाला हात लावून जी आई रडली तिचे ईमान कमी नव्हते. तिला ‘रडू नकोस’ म्हणण्यापेक्षा तिच्या घरी दोन दिवस जेवण पोचवणे आणि अंगणातला पालापाचोळा काढायला जाणे अधिक उपयोगाचे.

उंट बांधा, पंचनामाही करा

उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे एकाने विचारले तेव्हा आधी बांध आणि मग तवक्कुल कर, हे उत्तर मिळाले. ही हदीस तिर्मिजीत आहे. शामच्या वाटेवर साथीची बातमी आली तेव्हा ह. उमर (रजि.) मागे फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असे ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. वादळाचा इशारा मिळताच कच्चे घर सोडून शाळेच्या पक्क्या इमारतीत जाणे, होडी वर ओढून बांधणे, हे या शिकवणीतच बसते.

नुकसानभरपाई मागणे हेही तसेच. काही घरांत ‘अल्लाह देईल’ म्हणून पंचनाम्याच्या वेळी कुणी पुढे होत नाही. हक्काची भरपाई मागणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. ती पुरी पडत नाही, हा वेगळा प्रश्न. तेव्हा बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, असा दर ठरला. पण आपल्या वाड्या हेक्टरात कुठे, त्या गुंठ्यांत मोजायच्या. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने पाच हजार रुपये होतात, आणि तेवढ्या जागेत शंभर-सव्वाशे पोफळी सहज असतात. म्हणजे झाडामागे चाळीस-पन्नास रुपये. झाडागणिक भरपाई द्या, ही बागायतदारांची मागणी त्यातूनच आली.

शिवाय सातबारा सामाईक. एक भाऊ मुंबईत, एक सौदीत, आजोबांचे नाव अजून कमी झालेले नाही, आणि बहिणींची नावे चढवलेलीच नाहीत. मग भरपाई कुणाच्या खात्यात जाणार? वारसाहक्काचे वाटे अल्लाहने सूरह अन-निसामध्ये ठरवून दिले आहेत. ते वेळेवर पाळले असते तर बहिणीचा हक्कही मिळाला असता आणि कागदही तयार असते. अल्लाहशी बांधील राहणे हे मुसल्ल्याइतकेच सातबाऱ्यावरही दिसले पाहिजे.

अडचणीतली खरी कसोटी

तंगीत माणसाचे ईमान हळूहळू घसरते. आधी फजर सुटते, कारण रात्रभर काळजीने झोप नसते. मग कुणी मांत्रिकाचा पत्ता देतो. मग सावकार दारात येतो, आणि व्याजाने घेतलेले पैसे वाडीपेक्षा लवकर वाढतात. यावर नुसती नसीहत पुरत नाही. सूदपासून दूर राहा असे सांगणाऱ्या जमाअतीने कर्ज-ए-हसनाची सोयही ठेवली पाहिजे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि माफ केले तर अधिक चांगले, असा सूरह अल-बकराहचा आदेश आहे. वादळातून वाचलेल्या घरांसाठी तो आदेश आहे. त्यांचीही परीक्षा चालू असते.

आधी केळ, मग पोफळ

त्या पावसाळ्यात लोकांनी खोडे कापून जागा मोकळी केली आणि पुन्हा रोपे लावली. वर्षही झाले नव्हते तोच, १७ मे २०२१ला, ईदनंतर तिसऱ्या दिवशी, तौक्ते वादळ याच किनाऱ्यावरून गेले. माणसाने पुन्हा का लावावे?

मुस्नद अहमदमध्ये ह. अनस (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस याचे उत्तर देते. हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली तरी शक्य असल्यास ते लावून टाकावे, असा तिचा आशय आहे. कयामतीच्या दिवशी लावलेल्या रोपाचे फळ कोण खाणार? कुणीच नाही. म्हणजे उमेद फळ दिसते म्हणून धरायची नसते, अल्लाह पाहतो आहे म्हणून धरायची असते. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, असेही बुखारी-मुस्लिममध्ये आले आहे.

वाडीची जुनी पद्धतही हेच शिकवते. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी शेजारी केळ लावतात. केळ सावली देते आणि वर्षभरात घडही देते. पुढे खोडावर मिरीचा वेल चढवतात, तो तीनेक वर्षांत धरू लागतो. मग पोफळ, मग माड. सात वर्षांची वाट एका उडीत कापता येत नाही, पण टप्प्याटप्प्याने कापता येते. संकटातल्या घरालाही अशीच केळ लागते. आज पाच वेळची नमाज सुटू द्यायची नाही, जेवताना मुलांसमोर एका नेमतीचे शुक्र करायचे, आणि ज्याचे आपल्यापेक्षा जास्त गेले आहे त्याला थोडे का होईना द्यायचे. ही कामे छोटी आहेत, पण त्यांच्या सावलीत मोठी उमेद जगते. कठीणाबरोबर सुलभता आहे हे सूरह अल-इन्शिराहमध्ये दोनदा आले आहे, आणि शब्द ‘नंतर’ असा नाही, ‘बरोबर’ असा आहे.

हे अल्लाह, ज्यांच्या वाड्या गेल्या, ज्यांची माणसे गेली, ज्यांची रोजी गेली, त्यांना तुझ्याशी जोडलेले ठेव. त्यांच्या हातात रोप दे, आणि आमच्या हातांना त्यांच्या मदतीला जाण्याची तौफीक दे. आमीन.