अंगी लागलेलं (लेखांक ६) : मे महिन्यातही टिकेल असं पथ्य

२०१८-१९ च्या लग्नसराईत आपल्याकडच्या मांडवांत एक नव्या तऱ्हेचा पाहुणा दिसू लागला. आहेर द्यायचा, फोटोला उभा राहायचा, वधूपित्याची विचारपूस करायचा आणि जेवायला चला म्हटलं की मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा. "माझी वेळ नाही झाली अजून." किंवा त्याहून अवघड, "माझी वेळ होऊन गेली." डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव तोवर खेडोपाडी पोचलं होतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या या प्राध्यापकाची व्याख्यानं मोबाइलवरून घराघरांत ऐकली जात होती. पुढे राज्य शासनानेही लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी त्यांना सदिच्छादूत नेमलं.

दिवसातून दोनदाच जेवण्याची ही कल्पना मूळची विदर्भातली. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्या मोजताना लोक दमत, ते वजन आणि मधुमेह यांवर व्याख्यानं देत. २००४ मध्ये मोटार अपघातात ते गेले. दीक्षितांनी त्यांचं सूत्र आधी स्वतःवर करून पाहिलं, मग गावोगाव सांगितलं आणि श्रेय कायम जिचकारांना दिलं. नियम मोजकेच आहेत. दिवसातून ज्या दोन वेळा कडकडून भूक लागते त्या ओळखायच्या आणि तेव्हाच जेवायचं. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा बिनसाखरेचा चहा. शिवाय रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. कारण सांगितलं जातं ते इन्सुलिनचं : दर खाण्यामागे ते स्रवतं आणि ते चढलेलं असताना शरीर साठवलेली चरबी काढत नाही.

दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. २००९ च्या पुस्तकापासून त्या नेमकं उलटं सांगत आल्या : दर दोन तासांनी थोडं थोडं खा, तूप-भाताला भिऊ नका, आजी खायची ते खा. मग काय, एकाच घरात सासरे दीक्षितांचे आणि सूनबाई दिवेकरांची. या लेखमालेवर येणाऱ्या पत्रांतही सर्वाधिक विचारलं जातं ते हेच : दोघांपैकी कोणाचं धरू?

या भांडणाच्या सर्वात जवळ जाणारा प्रयोग प्रागमध्ये झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसाला सहा छोटी जेवणं दिली आणि बारा आठवडे दोनच मोठी, सकाळची न्याहारी व दुपारचं जेवण. उष्मांक दोन्हीकडे सारखे. दोन जेवणांत सरासरी ३.७ किलो उतरलं, सहांत २.३. दीक्षितांच्या बाजूचे इथे टाळी वाजवतील. पण त्या दोन जेवणांत रात्रीचं जेवण नव्हतं, आणि प्रयोग होता बारा आठवड्यांचा. आपल्या घरी सगळे पाटावर बसलेले असताना रात्री न जेवता, तेही बारा आठवडे नव्हे तर बारा वर्षं, कोण राहील?

मुदत लांबवली की चित्र बदलतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ लोकांना वर्षभर कमी उष्मांकाचा आहार दिला. त्यातल्या अर्ध्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायचं, बाकीच्यांनी केव्हाही. २०२२ मध्ये निकाल आला : घड्याळवाल्यांचं ८ किलो उतरलं, बाकीच्यांचं ६.३, आणि संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक फरकच ठरला नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला २०१८ मध्ये ६०९ जणांवर कमी चरबी विरुद्ध कमी पिष्ट असा सामना झाला. वर्षाअखेर ५.३ किलो आणि ६ किलो, म्हणजे बरोबरी. त्यातली बोलकी गोष्ट अशी की एकाच आहारावर कोणी वीस-पंचवीस किलो उतरलं, तर कोणाचं उलट वाढलं. त्याआधी २००५ मध्ये बोस्टनला चार नावाजलेले आहार १६० लोकांना वाटून दिले होते. त्यातल्या दोन कडक आहारांवरचे जवळजवळ निम्मे लोक वर्षभरात सोडून गेले. ज्यांनी आपापला आहार नेटाने पाळला त्यांचं वजन उतरलं. तो आहार कोणता होता, याने जेमतेमच फरक पडला.

मग काहीही धरलं तरी चालेल का? तसं नाही. उतरलेल्या प्रत्येकाच्या पोटात आधीपेक्षा कमी गेलं होतं, ही अट कुठल्याच पद्धतीत सुटत नाही. दोन जेवणांची पद्धत इन्सुलिनपेक्षा बहुधा या साध्या कारणाने जास्त काम करते, की मधलं सगळं आपोआप गळतं. खामगावच्या बाजारात दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याचा हिशेब करून पाहा. गिऱ्हाईक आलं की चहा, हिशेब झाला की चहा, पाहुणा आला की चहा. पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम, जवळपास दोनशे उष्मांक, दूध वेगळं. त्याला कोणी 'जेवण' म्हणतच नाही, म्हणून ते आठवतही नाही.

आणि सोडून दिलं की काय होतं? अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक शर्यत चालायची. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तीस आठवड्यांत सरासरी ५८ किलो उतरवलेले हे लोक त्यातले ४१ किलो परत घेऊन बसले होते. वर त्यांचं शरीर विश्रांतीत असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे पाचशे उष्मांक कमी जाळत होतं. शरीर दुष्काळ विसरत नाही. झपाट्याने उतरवलेल्या वजनाला ते दुष्काळच समजतं, भूक वाढवतं आणि खर्च आवळतं. दरमहा दहा किलोची हमी देणारी पत्रकं आपल्याकडेही वाटली जातात. पत्रक देणाऱ्याला फक्त एक विचारा : तीन वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक आज कसं दिसतं ते दाखवता का?

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याकडे येऊ. माझं मत असं की पथ्य निवडताना पुस्तकाआधी कॅलेंडर उघडावं. नव्या वर्षाचे संकल्प इथे साधारण जिजाऊ जयंतीपर्यंत तग धरतात. जानेवारीत काहीही जमतं. हवा थंड, भाजीपाला मुबलक, सकाळी फिरायला जीव खुश. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते. घाटाखाली शेगाव, नांदुरा, मलकापूरकडे पारा ४४-४५ ला टेकतो, संध्याकाळी सातलाही रस्ता भाजतो. त्यात लग्नं, अखाजी, आंब्याचा रस, माहेरी आलेल्या लेकी. घाटावर बुलडाण्याला राहणाऱ्याने ठरवलेलं संध्याकाळचं फिरणं घाटाखालच्याने जसंच्या तसं उचललं तर ते महिनाभरात बंद पडणार. त्याला उन्हाळ्यात पहाटे पाच हीच वेळ आहे, आणि ती झेपणार नसेल तर चालण्याऐवजी घरातल्या घरात काय, हे आधीच ठरलेलं हवं.

शेगावहून पंढरपूरला गजानन महाराजांची पालखी निघते, तेव्हा वारकरी सुमारे सातशे किलोमीटर चालतात, जवळजवळ महिनाभर. वजनासाठी अर्थातच कोणी जात नाही. पण इतकं चालून आलेल्यालाही घरी परतल्यावर चालणं थांबतं आणि भूक मात्र तीच राहते, हा अनुभव येऊ शकतो. महिनाभराच्या पराक्रमापेक्षा रोजचा अर्धा तास वजनाला जास्त भारी पडतो.

दीक्षितांच्या पद्धतीचं एक बलस्थान मला वैद्यकीयपेक्षा सामाजिक वाटतं. आपल्याकडे 'नको' हा शब्द पंगतीत ऐकूच येत नाही. "घे न वं, एकानं काय होते!" म्हणत वाढणारी ताटात पुरण टाकून पुढे निघून गेलेली असते. पण 'आज गुरुवार आहे' म्हटलं की तीच बाई हात आवरते. उपासाला मान आहे, पोट भरल्याला नाही. 'माझं दीक्षित चालू आहे' या वाक्याने तसाच मान मिळवला, आणि ज्याच्यामागे दिवसभर चहा-फराळाचे आग्रह आहेत अशा माणसाला ती मोठी ढाल झाली. दुकानदार, पुढारी, अपडाऊन करणारे गुरुजी यांना ठरलेल्या वेळा सोयीच्या जातात. खामगावहून संग्रामपूरकडच्या शाळेला जाणारा शिक्षक सकाळी नऊला जेवून निघाला आणि रात्री आठला घरी जेवला, तर मधल्या वेळात टाळायचं काय, तर शिक्षकांच्या खोलीतली बिस्किटं आणि बसस्टँडवरचे भजे. शेगावच्या कचोरीवर बंदी घालणारं पथ्य तर या जिल्ह्यात टिकणं अवघडच. कचोरी जेवणाच्या वेळेतच आणि भाकरीच्या बदल्यात खायची, असा नियम मात्र पाळता येतो.

उलट, उपाशी राहिलं की ज्याचं डोकं उठतं, पित्त होतं, आणि मग दोन माणसांचं जेवण एकटाच जेवतो, त्याने घड्याळाच्या मागे लागू नये. त्याला दिवेकरांचा थोडं थोडं खाण्याचा मार्ग बरा. त्यात ज्वारीची भाकर, वरण, आंबाडीची भाजी, ताक हे घरचंच चालतं आणि वेगळं काही मागवावं लागत नाही. फक्त 'थोडं' याचा अर्थ आपल्या मर्जीवर सोडायचा नाही. मूठभर फुटाणे म्हणजे मूठभरच, पुडा नव्हे.

घरातल्या बाईबद्दल मात्र दोन्ही पद्धती फारसं बोलत नाहीत. ती सर्वांना वाढून शेवटी जेवते, मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवते आणि ते मोजत नाही. नवऱ्याचं पथ्य चालतं ते तिच्या जोरावर, कारण वेगळी भाजी तीच करते. तिच्या पथ्यासाठी वेगळी भाजी कोण करणार? म्हणून एकट्याचं पथ्य मला कच्चं वाटतं. अख्ख्या घराचं तेल कमी करणं जास्त टिकतं. महिन्याला आणलेलं तेल माणसांनी आणि दिवसांनी भागा. माणशी दिवसाला २५-३० ग्रॅमच्या वर जात असेल, तर सुरुवात तिथून. पाच माणसांच्या घरात हे महिन्याला चार-साडेचार किलोच्या वर जाता कामा नये. डब्यावर तारीख लिहून ठेवली की कोणाशी भांडावं लागत नाही. आणि तिच्या जेवणाची वेळ सर्वांबरोबर आणली, तर उरलेलं संपवणं आपोआप कमी होतं.

किती उतरवायचं हेही आधीच ठरवावं, कारण उद्दिष्ट अवास्तव असलं की उत्तम पद्धतही सुटते. २००२ च्या अमेरिकन अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. तेवढ्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसाला याचा अर्थ साडेपाच किलो. कॉलेजात असतानाचं वजन कोणीही मागत नाही. २००६ मध्ये चेन्नईच्या अभ्यासाने याहून आपल्या जवळचं सांगितलं : तिथे आहार आणि चालण्याने मधुमेहाचं प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलं, आणि वजन मात्र फारसं हललं नव्हतं. तेव्हा काटा अडला म्हणून चालणं सोडू नका. मागच्या लेखांकातला टेप काढा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत आणायचा आहे.

२०२५ पासून आपल्या बाजारात आलेल्या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरतं, हे खरं. पण थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं, हेही त्याच औषधाच्या पाठपुराव्यात दिसलं. म्हणजे तिथेही प्रश्न हाच, वर्षानुवर्षं चालवाल का, आणि इथे त्यात महिन्याचं बिलही आलं. ज्यांना लठ्ठपणाने खरोखर घेरलं आहे त्यांनी डॉक्टरांशी बोलून जरूर विचार करावा. लग्नात साडी नीट दिसावी म्हणून मुळीच नाही.

एक इशारा मोठ्या अक्षरांत वाचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या मनाने जेवणाच्या वेळा कमी करू नयेत. औषध तेवढंच आणि जेवण गायब, असं झालं की साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि माणूस शेतात एकटा असेल तर जिवावर बेततं. आधी डोस ठरवून घ्या, मग वेळा बदला. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आया आणि वाढीच्या वयातली मुलं यांना दोन जेवणांचा नियम लावू नका, मग शेजारणीला त्याने कितीही फायदा झालेला असो.

एवढं पाहून जी पद्धत मनात येईल ती निवडा, पण सुरू करण्यापूर्वी कागदावर चार दिवस लिहा : घरचं एक लग्न, अखाजी, पेरणीचा एखादा दिवस, आणि ज्या दिवशी मूल आजारी आहे तो दिवस. त्या चारही दिवशी आपण काय खाऊ ते लिहिता आलं, तर सोमवारची वाट न बघता आजच सुरू करा. लिहिता येत नसेल तर पद्धत बदला किंवा नियम सैल करा, आत्ताच.

पुढच्या आठवड्यात : उपासाचा फराळ. साबुदाणा, भगर आणि शेंगदाण्याचं कूट यांचा खरा हिशेब.