इटलीत जेवताना

इटलीहून परतलेला मनुष्य तेथील चित्रे, पुतळे आणि देवालये यांविषयी भरभरून बोलतो. तो तेथे काय जेवला, हे मात्र क्वचितच सांगतो. आम्ही आज तेवढेच सांगणार आहोत. मुलांच्या, पुतण्या-भाच्यांच्या निमित्ताने आपल्याकडील शाकाहारी घरांतील वडीलधारी माणसेही आता तिकडे जाऊ लागली आहेत, आणि आमच्या हातून घडलेली चूक त्यांच्या हातून घडू नये, अशी इच्छा आहे.

आमचा पुतण्या मिलान येथे शिकतो. त्याच्याकडे गेलो असता एका दुपारी आम्ही उभयतांनी एका भोजनगृहात केशर घातलेला भात मागविला. पिवळाधमक, मऊसर, लोण्याचा सुवास असलेला! सौ.ना इंदूरच्या घरचा सणावाराचा केशरी भात आठवला. ‘मांस नको’ असे आम्ही आधीच बजावले होते आणि वाढप्यानेही अदबीने मान डोलाविली होती. संध्याकाळी पुतण्याने विचारले, “काकू, आज काय जेवलात?” उत्तर ऐकून तो गप्पच झाला. मिलानचा हा ‘रिसोत्तो’ परंपरेने मांसाच्या रश्श्यात शिजवितात आणि त्यात गुराच्या हाडातील मज्जा घालतात. सौ. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याखेरीज काही घेतले नाही.

वाढप्याने फसविले, असे आम्हांस म्हणवत नाही. त्याच्या लेखी मांस म्हणजे ताटात दिसणारा तुकडा. रस्सा, चरबी, खारी मासळी ही केवळ चवीची सामग्री. तेव्हा प्रश्न नावानिशी विचारावा. ‘ब्रोदो’ म्हणजे रस्सा. भाज्यांच्या सारातही तो असू शकतो. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी; ती काही प्रकारच्या रोट्यांतही असते. ‘अच्चूगे’ म्हणजे बारीक खारी मासळी. ‘सेंत्सा’ म्हणजे ‘वाचून’; हा एक शब्द यांपैकी प्रत्येकामागे जोडता आला, तरी पुष्कळ काम भागते.

चीजचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पार्मा व रेज्जो या बाजूचे ‘पार्मिजानो’ वासराच्या जठरातील द्रव्याने दूध फाडूनच करावे, असा नियम आहे. त्याच्या गाडीच्या चाकाएवढ्या एका वडीला सुमारे ५५० लिटर दूध लागते आणि ती किमान १२ महिने मुरवावी लागते. इतक्या कष्टाची वस्तू ते लोक कौतुकाने किसून पुष्कळ पदार्थांवर भुरभुरवितात. जेनोवाच्या तुळशीसारख्या हिरव्या पानांच्या ‘पेस्तो’ चटणीतही ती असते. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी ‘सेंत्सा फोर्माज्जो’ म्हणावे. उलट काही नावे उगाच भिवविणारी आहेत. ‘मारिनारा’ पिझ्झा या नावात समुद्र असला, तरी त्यावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो व तेल एवढेच असते, चीजही नसते. आणि ‘पेपेरोनी’ म्हणजे तेथे चक्क ढोबळी मिरची!

तेथील जेवणाला आपल्या पंगतीसारखा क्रम आहे. आधी तोंडी लावण्याचे ‘अंतिपास्तो’, मग पास्ता किंवा भात, त्यानंतर मांस वा मासे आणि सोबत भाजी, शेवटी गोड. सर्वच मागविले पाहिजे, अशी सक्ती नाही. आम्ही पास्ता आणि भाजी घेऊन उठत असू. कोणी नाक मुरडले नाही. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळी पुष्कळ भोजनगृहांच्या चुली थंड असतात. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणून बैठकीची रक्कम लागलेली दिसली, तर भांडू नये. तो बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे.

दुधाची ‘कापुचिनो’ कॉफी सकाळचीच. जेवणावर ती मागितली, तर देतात, पण नवल करतात. भरल्या पोटी दूध जड, अशी त्यांची समजूत. आपल्या आजीबाई माशांवर दूध पिऊ देत नसत, त्याच जातीची! कॉफी फळीशी उभ्याने प्यावी, हे उत्तम. बसून प्याल्यास अनेक ठिकाणी दर वाढतो. सराफ्यात उभ्याने खाण्यात जन्म गेलेल्या आम्हांस ते जड गेले नाही.

इटली हे एक राष्ट्र झाले १८६१ साली. त्यामुळे पदार्थ देशाचे कमी आणि गावांचे अधिक. उत्तरेस लोणी, भात आणि मक्याचे पीठ, तर दक्षिणेस ऑलिव्हचे तेल आणि सुका पास्ता. मिलानहून तोरिनोस जाताना आगगाडीतून भाताची खाचरे दिसतात, तेव्हा त्या रिसोत्तोचे मूळ कळते. तोस्कानाचा पाव अळणी असतो. मीठ विसरले, असे समजू नये.

जेनोवा येथे एका गल्लीत लाकडाच्या भट्टीतून भलीमोठी तांब्याची परात बाहेर येताना दिसली. तीत सोनेरी, पातळ असे काही होते. पोळलेल्या सौ. दूरच उभ्या राहिल्या. पुतण्याने दुकानदाराला एकेक नाव घेऊन विचारले: हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल, मीठ. बस्स. तेथे याला ‘फारिनाता’ म्हणतात. सौ.नी एक तुकडा तोंडात घातला, मग दुसरा घेतला, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “अहो, धिरडेच की हे! फक्त ओवा राहिला.”