कारखान्याचा मूळ खर्च कसा ओळखावा?

इच्छापोर येथील जेम्स अँड ज्वेलरी पार्कामुळे सुरतेच्या हिरेव्यवसायाचे एक ठाणे हजिऱ्याच्या रस्त्यावर वसले आहे. तेथे वा अन्यत्र कारखाना चालविणाऱ्या प्रत्येक व्यापारी बंधूस एक प्रश्न पडतोच : एकही नग घडविला नाही, तरी महिन्याकाठी किती रुपये खर्ची पडतील? भाडे व कायम पगार खतावणीत स्पष्ट दिसतात. परंतु वीज, दुरुस्ती, किरकोळ खर्च यांत स्थिर भाग किती व कामाबरोबर वाढणारा किती, हे केवळ वही चाळून उमगत नाही. संगणकावरील एक्सेलमध्ये याकरिता ‘इंटरसेप्ट’ नावाचे सूत्र आहे. त्याचा परिचय येथे करून देत आहो.

उदाहरणादाखल एक कल्पित कारखाना घेऊ. पाच महिन्यांत तेथे अनुक्रमे २००, ३००, ४००, ५०० व ६०० नगांना पैलू पाडले गेले आणि कच्चा माल वगळता खर्च अनुक्रमे ६२, ६९, ८४, ९१ व १०४ हजार रुपये आला. हे बिंदू आलेखावर मांडले असता ते एका सरळ रेषेच्या आसपास पडतात. बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज जिच्या बाबतीत सर्वांत कमी येते, ती समाश्रयण रेषा होय. ही रीत फ्रेंच गणिती लजांद्र यांनी १८०५ साली प्रसिद्ध केली. नगसंख्या शून्य असता ही रेषा खर्चाच्या अक्षाला जेथे छेदते, तो तिचा अंतःखंड. आपल्या भाषेत मूळ खर्च.

नगांचे आकडे शेकड्यांत ‘ए’ स्तंभात व खर्चाचे आकडे हजारांत ‘बी’ स्तंभात, दुसऱ्या ओळीपासून सहाव्या ओळीपर्यंत लिहावेत. नंतर रिकाम्या चौकटीत रोमन अक्षरांत पुढील सूत्र टंकावे :

=इंटरसेप्ट(बी२:बी६,ए२:ए६)

उत्तर ३९.६ येते, म्हणजे मूळ खर्च सुमारे ३९,६०० रुपये. त्याच रीतीने ‘स्लोप’ हे सूत्र रेषेचा चढ १०.६ देते, म्हणजे प्रत्येक नगामागे वाढणारा खर्च १०६ रुपये. पेन्सिलीने पडताळणी करणेही सोपे आहे. सरासरी काम ४ शेकडे, सरासरी खर्च ८२ हजार; ८२ मधून ४ गुणिले १०.६ वजा केले की ३९.६ उरतात.

सूत्रात खर्च आधी व नग नंतर, हा क्रम मोडू नये. उलट लिहिल्यास याच आकड्यांतून उणे ३.६४ असे उत्तर येते, ज्याला खर्च म्हणून काही अर्थ नाही. दोन्ही स्तंभांतील आकड्यांची संख्या समान असावी. एखाद्या महिन्यात यंत्राची मोठी दुरुस्ती झाली असल्यास तो खर्च वेगळा काढावा. अन्यथा एकच महिना साऱ्या रेषेला ओढून नेतो.

आता याचे व्यवहारातील मोल पाहू. पाच महिन्यांचा सरासरी खर्च नगामागे २०५ रुपये येतो. तोच दर धरून २०० नगांच्या महिन्यात मजुरी आकारली, तर ४१,००० रुपये हाती येतील आणि खर्च मात्र ६२,००० होईल. उलट, मोकळ्या महिन्यात कोणी १५० रुपये दराने अधिक काम देऊ केले, तर सरासरीकडे पाहणारा ते तोट्याचे समजून परतवील. वास्तविक त्यातून नगामागे ४४ रुपये मूळ खर्चाच्या भरपाईस लाभतात, व कारागिरांच्या हातांस काम मिळते. अर्थात वर्षाच्या एकूण दरांतून मूळ खर्च भरून निघालाच पाहिजे.

एक मर्यादा ध्यानी असावी. आपले आकडे २०० ते ६०० नगांच्या दरम्यानचे आहेत. शून्यावरील उत्तर हा अंदाज होय. पाचांऐवजी बारा वा चोवीस महिन्यांचे आकडे घेतल्यास तो अधिक भरवशाचा ठरेल. त्या उत्तराशी खतावणीतील भाडे व कायम पगार ताडून पाहावेत. २००८ च्या मंदीने सुरतेतील अनेक कारागिरांचे काम गेले, हे आपण विसरलो नाही. कारखाना बंद असतानाही किती रक्कम लागते, हे ज्यास आधीच ठाऊक असते, तो तेवढी गंगाजळी राखून ठेवू शकतो आणि पडत्या काळात आपली माणसे सांभाळू शकतो. सभासद बंधूंनी यंदाचा ताळेबंद मांडताना हा एक आकडा अवश्य काढावा, आणि घरातील संगणक जाणणाऱ्या मुलामुलींस त्या कामी बरोबर घ्यावे.