सुट्टीत विहाराचे कुलूप उघडा

वार्षिक परीक्षा संपते आणि शहरातल्या भिंती उन्हाळी शिबिरांच्या जाहिरातींनी भरून जातात. पोहणे, स्केटिंग, रोबोटिक्स, व्यक्तिमत्त्व विकास. आठ-दहा दिवसांची फी हजारांत. ज्यांना परवडते ते भरतात. पण जी आई चार घरची धुणीभांडी करते, जो बाप सकाळी मजूर नाक्यावर उभा राहतो, त्यांनी काय करायचे? पोरगा ‘मी दिवसभर काय करू?’ असे विचारतो तेव्हा त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. पैसा नाही म्हणून आपल्या लेकरांची सुट्टी फुकट गेली, ही खंत मात्र आईबापांच्या मनात राहते.

ही खंत मुळातच चुकीच्या समजुतीतून आलेली आहे. मुलाला सुट्टीत तीन गोष्टी लागतात. मोकळी जागा, बरोबरीचे सवंगडी आणि त्याच्याकडे लक्ष देणारे एखादे मोठे माणूस. यातली एकही बाजारात विकत घ्यावी लागत नाही.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात सारे कुटुंब. विद्यार्थी भीमराव वाचायला चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. बागेला फी नव्हती. तिथे नेमाने येणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी या मुलाला पाहिले, विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. पुढे भीमरावांच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जी धम्मक्रांती झाली, तिचे एक बीज त्या पुस्तकात होते. सार्वजनिक बाग आणि आस्थेने चौकशी करणारा एक वडीलधारा माणूस यांतून काय घडू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

सार्वजनिक जागा आपल्याला कोणी दान म्हणून दिलेल्या नाहीत. सरकारी खर्चाचे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, हा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. कागदावरचा ठराव प्रत्यक्षात उतरेना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घ्यावे लागले. पुढे संविधानाच्या कलम १५ ने विहिरी, तलाव, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करायला मनाई केली. म्हणून नगरपालिकेची बाग, शासकीय ग्रंथालय, शाळेचे मैदान यांवर आपल्या मुलांचा पुरेपूर हक्क आहे. हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो. आणि मैदान पोरांनी गजबजलेले नसले की त्यावर अतिक्रमण व्हायला वेळ लागत नाही.

आता आपल्या स्वतःच्या जागेचे पाहू. वस्तीवस्तीत बुद्धविहार आहे. लोकांनी घरटी वर्गणी काढून, श्रमदान करून तो उभारला. पण अनेक ठिकाणी रविवारची वंदना झाली की कुलूप लागते, ते पुढच्या रविवारी निघते. भीमजयंतीला मंडप, रोषणाई, डीजे यांवर मंडळे हात सैल सोडतात. मंडप उतरला की कार्यकर्ते दिसेनासे होतात. विहारात सावली आहे, पंखा आहे, पिण्याचे पाणी आहे. मे महिन्याच्या उन्हात मुलांना आणखी काय लागते? दुपारी बारा ते चार विहार उघडा ठेवा. निवृत्त शिक्षक, कॉलेजात शिकणारी तरुण मुले-मुली यांनी पाळीपाळीने दोन-दोन तास द्यावेत.

मग तिथे करायचे काय? गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून नव्या वह्या शिवाव्यात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढले. मुलांनीही पंधरा दिवसांचे भित्तिपत्रक काढावे. सुट्टीत तीन अंक सहज होतात. बातम्या वस्तीतल्याच घ्याव्यात. नळाला पाणी किती वाजता येते, गटार कधीपासून तुंबले आहे, दहावीला कोण पास झाले. वस्तीचा नकाशा काढावा. आजी-आजोबांना विचारून लिहून घ्यावे : तुमच्या वेळी शाळेत कुठे बसवत? पाणी कोण वाढायचे? नामांतराच्या लढ्यात आपल्या घरातले कोण होते? मराठवाडा विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ रोजी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, पण त्यासाठी सोसलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच चालल्या आहेत. नातवंडांनी त्या टिपून ठेवल्या तर मनोरंजन होईल आणि इतिहासही वाचेल.

ऊन उतरले की खेळ. लगोरीला फुटक्या कौलांचे तुकडे पुरतात, विटीदांडूला झाडाची फांदी. आट्यापाट्यांना जमिनीवर आखलेल्या रेघा आणि सागरगोट्यांना पाच खडे. जवळपास लेणी असतील तर सकाळच्या थंड वेळी सहल न्यावी. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. शिदोरी घरचीच. तो चैत्य, तो स्तूप आपल्या वारशाचा आहे, हे मुलांना तिथे उभे करूनच सांगावे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगायला हवी. सुट्टी लागली की मुलगा मैदानावर जातो आणि मुलगी चुलीपाशी. धाकट्याला सांभाळणे, पाणी भरणे, भांडी घासणे हे तिच्याच वाट्याला येते. शाळा सुरू असताना निदान काही तास तरी तिचे स्वतःचे असतात. सुट्टीत तेही जातात. विहारातल्या दुपारी मुलींची संख्या मुलांइतकी नसेल, तर तो उपक्रम समतेचा नव्हे. घरकाम भावाबहिणींत वाटून द्या. धाकट्या भावंडाला घेऊन ती आली तरी तिला दारातून परत पाठवू नका.

खर्च एकच आहे, वेळेचा. ज्या घरात आईबाप दोघेही राबतात तिथे तोही परवडत नाही, म्हणूनच हे काम एका घराचे नाही, सगळ्या वस्तीचे आहे. पुढची बैठक वर्गणीसाठी न बोलावता एवढ्याच प्रश्नासाठी बोलवा : विहाराची किल्ली कोणाकडे आहे आणि उद्या दुपारी कुलूप कोण उघडणार?